नासिक जिल्हा

नासिक जिल्हा : महाराष्ट्र राज्याच्या वायव्य भागातील एक जिल्हा. ‘नाशिक’ हे लेखनही रूढ आहे. क्षेत्रफळ सु. १५,५०० चौ. किमी.; लोकसंख्या ६१,०७,१८७ (२०११). याच्या उत्तरेस धुळे, पूर्वेस जळगाव व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद), दक्षिणेस अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), नैर्ऋत्येस ठाणे, पश्चिमेस पालघर हे जिल्हे आणि वायव्येस गुजरात राज्याचा प्रदेश आहे. जिल्ह्यात नासिक, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण, बागलाण, देवळा, मालेगाव, चांदवड, नांदगाव, येवला, निफाड व सिन्नर असे पंधरा तालुके आहेत. नासिक शहर हे जिल्ह्याचे, तसेच १९८१ मध्ये निर्माण झालेल्या नासिक महसुली विभागाचे मुख्य ठिकाण आहे.

कोकणातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या प्राचीन वाटा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून दोन समुद्रांकडे वाहणारे पाणी, या दोन गोष्टींनी या जिल्ह्याचा इतिहास घडविला आहे. येथील नगरे बहुधा घाटवाटांच्या तोंडाशी किंवा नद्यांच्या खोऱ्यांत उदयास आली. आजचे तेथील प्रश्नही प्रामुख्याने मार्ग आणि पाणी यांच्याशीच निगडित आहेत.

भूवर्णन : जिल्ह्याचे डांग व देश असे दोन स्वाभाविक भाग पूर्वापार मानले जातात. पश्चिमेकडील डोंगराळ, पावसाळी व वनाच्छादित पट्टा म्हणजे डांग, तर पूर्वेकडील मोकळा, सपाट व काळ्या मातीचा प्रदेश म्हणजे देश. सह्याद्रीची मुख्य रांग जिल्ह्याच्या पश्चिम भागातून उत्तर-दक्षिण गेली असून तिच्यापासून पूर्वेकडे फाटे फुटले आहेत. त्यांपैकी सातमाळा किंवा चांदवड डोंगररांग ही गोदावरी व गिरणा यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक होय. तिच्या उत्तरेस सेलबारी व डोलबारी या रांगा आहेत. बागलाण तालुक्यातील साल्हेर (१,५६७ मी.) हे कळसूबाईच्या खालोखाल राज्यातील दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर असून खुद्द कळसूबाई (१,६४६ मी.) इगतपुरी व अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले या तालुक्यांच्या सीमेवर आहे. संपूर्ण जिल्हा बेसाल्ट खडकाच्या थरांनी बनलेला आहे. या थरांची झीज सारखी न झाल्याने सपाट माथे, ताशीव कडे आणि सुळके हे येथील डोंगरांचे वैशिष्ट्य ठरले, आणि अशा कड्यांवर तटबंदी करणे सोपे असल्याने जिल्ह्यात डोंगरी किल्ल्यांची दाटी झाली. या रांगा ओलांडण्याच्या वाटा थोड्या व ठरावीक आहेत. थळ किंवा कसारा घाट कोकणातून वर येतो, सावळ घाट पेठकडे उतरतो, तर चांदवडजवळील राहूड घाट सातमाळा ओलांडून खानदेशाकडे जातो.

नद्या : त्र्यंबकेश्वराजवळील ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते. अरबी समुद्र येथून अवघ्या सु. ८० किमी. अंतरावर असूनही ही नदी पूर्वेकडे वळते आणि सु. १,४६५ किमी. वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. दारणा व कादवा या जिल्ह्यातील तिच्या प्रमुख उपनद्या होत. सातमाळ्याच्या उत्तरेकडील पाणी गिरणा नदी वाहून नेते. कळवण तालुक्याच्या डोंगराळ भागात उगम पावणाऱ्या या नदीस मालेगावजवळ मोसम मिळते व पुढे जळगाव जिल्ह्यात ती तापीस मिळते. वैतरणा, दमणगंगा, पार व नार या नद्या मात्र सह्याद्रीच्या पश्चिम उताराने अरबी समुद्राकडे धावतात. त्यांचे खोरे आकाराने लहान असले, तरी जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस त्याच खोऱ्यांत पडतो.

हवामान : समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे नासिक शहर व त्याच्या आसपासचे हवामान सामान्यतः आल्हाददायक असते. नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते सप्टेंबर या काळात पाऊस देतात व जुलै हा सर्वांत पावसाळी महिना असतो. पावसाची वाटणी अत्यंत विषम आहे. इगतपुरी येथे वर्षाकाठी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो, तेथून सु. ४५ किमी.वरील नासिक येथे तो सु. ७० सेंमी.वर येतो आणि पर्जन्यच्छायेतील मालेगाव, येवला, नांदगाव या भागांत ५० ते ६० सेंमी. इतकाच राहतो. मे महिन्यात मालेगावचे तापमान ४२° से.च्या वर जाते, तर हिवाळ्यात निफाडच्या सखल, मोकळ्या खोऱ्यात थंड हवा साचून पारा कधी कधी २° से.च्याही खाली उतरतो. २०१८ च्या डिसेंबरात तसे घडले होते. अशी थंडी, तसेच फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस व गारपीट यांमुळे द्राक्षबागांचे मोठे नुकसान होते.

इतिहास : नासिक येथे १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. सातवाहनकाळात गोवर्धन या नावाचा आहार म्हणजे प्रशासकीय विभाग येथे होता. नासिकच्या नैर्ऋत्येस त्रिरश्मी डोंगरात कोरलेली २४ बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ या नावाने प्रसिद्ध आहेत. तेथील लेख हे पश्चिम भारताच्या इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होत. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखांत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथे बांधलेल्या धर्मशाळांचा आणि नद्यांवर ठेवलेल्या विनामूल्य नावांचा उल्लेख आहे. त्यांतील पारदा व दमणा या नद्या म्हणजे आजच्या पार व दमणगंगा असे अभ्यासक मानतात. सोपाऱ्याच्या बंदरातून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग नासिकवरून जात होता, हे या लेखांवरून स्पष्ट होते. त्याच उषवदाताने गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायमच्या ठेवीने गुंतवून त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरादी खर्चाची सोय केली होती. येवला व मालेगाव यांच्या कितीतरी शतके आधी या भागात विणकरांचे संघटित व विश्वासार्ह व्यवसाय होते, याचा हा पुरावा होय.

गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव करून हा प्रदेश परत मिळविला. सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सु. दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटविलेली आहे. त्याची माता गौतमी बलश्री हिने वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरविलेला लेखही याच लेण्यांत आहे.

देवगिरीच्या यादवांचा उदय याच जिल्ह्यात झाला. त्यांचे आरंभीचे ठाणे चंद्रादित्यपूर म्हणजे चांदवड होते आणि सेऊणचंद्राने वसविलेले सेऊणपूर म्हणजे सिन्नर, असे सामान्यतः मानले जाते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीस नेली. सिन्नर येथील भूमिज शैलीतील गोंदेश्वर मंदिर या काळाच्या वैभवाची साक्ष देते. बागलाणात मुल्हेर येथून बागुल राजघराण्याने दीर्घकाळ राज्य केले. गुजरात व दख्खन यांना जोडणारी वाट त्यांच्या ताब्यात असल्याने लहान असूनही हे राज्य महत्त्वाचे होते. १६३८ मध्ये ते मोगलांनी जिंकले. मोगल अमदानीत नासिकला ‘गुलशनाबाद’ असे नाव होते. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल सैन्याचा खुल्या मैदानात पराभव केला.

पेशवाईत जिल्ह्यास पुन्हा महत्त्व आले. त्र्यंबकेश्वर मंदिराची आजची वास्तू नानासाहेब पेशव्यांच्या आश्रयाने उभी राहू लागली. नासिक येथील काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळातील आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी मालेगाव येथे भुईकोट किल्ला बांधला. चांदवड येथील रंगमहाल होळकरांच्या काळाची आठवण देतो. १८१८ मध्ये त्र्यंबक व मालेगाव हे किल्ले इंग्रजांनी घेतले. हा प्रदेश प्रथम खानदेश व अहमदनगर जिल्ह्यांत विभागला गेला होता. १८६९ मध्ये स्वतंत्र नासिक जिल्हा करण्यात आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी नासिक हे अभिनव भारत या क्रांतिकारक संघटनेचे केंद्र होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी येथील जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रहास प्रारंभ झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे चालविला, तथापि पाच वर्षांनंतरही मंदिराचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे भरलेल्या परिषदेत, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असा निर्धार आंबेडकरांनी जाहीर केला. त्यामुळे नासिक व येवला या दोन स्थळांना भारताच्या सामाजिक इतिहासात विशेष स्थान आहे.

शेती व पाणी : बाजरी, गहू, मका व कडधान्ये ही देशावरील आणि भात, नागली व वरई ही डांगातील मुख्य पिके होत. मोसम व आरम या नद्यांवर लहान बंधारे बांधून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत बागलाणात जुनी आहे. हिच्यात गावाचे क्षेत्र फडांत विभागून प्रत्येक फडात एकाच प्रकारचे पीक घेतात आणि पाण्याची वाटणी गावकरी स्वतः ठरवितात. ब्रिटिश अमदानीत नांदूर मध्यमेश्वर येथील बंधारा व दारणा धरण (१९१६) यांमुळे कालव्याचे पाणी निफाडपासून कोपरगाव भागापर्यंत पोहोचले. स्वातंत्र्यानंतर गोदावरीवर गंगापूर धरण (१९६५) व गिरणेवर नांदगाव तालुक्यात गिरणा धरण (१९६९) पूर्ण झाले. नांदूर मध्यमेश्वरचा उथळ जलाशय पुढे पाणपक्ष्यांचे आश्रयस्थान बनला. २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाल्याची घोषणा झालेली महाराष्ट्रातील ती पहिली पाणथळ जागा होय.

पाण्याच्या शाश्वतीमुळे नगदी पिके वाढली. निफाड, दिंडोरी व नासिक हे तालुके द्राक्षांसाठी, तर निफाड, येवला, चांदवड, देवळा व बागलाण हे कांद्यासाठी प्रसिद्ध आहेत. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजारांतील कांद्याच्या भावाकडे सर्व देशाचे लक्ष असते. द्राक्षशेती येथे जशी होते, तशी ती तिच्या यूरोपीय माहेरी होत नाही. फ्रान्समधील बॉर्दो शहराच्या परिसरात, म्हणजे झिराँद जिल्ह्यात, वेल कडक हिवाळ्यात पाने गाळून विसावतो आणि शरदाच्या सुरुवातीस फळ काढले जाते. नासिकला वेलाला झोपविणारा हिवाळा नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो : एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी फळासाठी. फळ जानेवारी ते एप्रिल या काळात तोडले जाते. गारपिटीची भीतीही याच काळात असते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जिल्ह्यात द्राक्षमद्याचे कारखानेही निघाले आहेत.

जिल्ह्यात पडणारे पाणी जिल्ह्याबाहेरच्या तीन प्रदेशांना जाते. वैतरणेच्या खोऱ्यातून ते मुंबईस, गिरणेतून खानदेशास आणि गोदावरीतून मराठवाड्यास मिळते. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. पुढे वरच्या बाजूस नासिक व अहमदनगर जिल्ह्यांत साठे वाढले आणि कमी पावसाच्या वर्षी जायकवाडीत पुरेसे पाणी येईना. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याने नदीखोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व कायद्यात आणले. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरच्या स्थितीत जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे ठरले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. उभ्या बागांसाठी पाणी राखू इच्छिणारा निफाडचा शेतकरी आणि पिण्याच्या पाण्याची वाट पाहणारा मराठवाडा या दोघांचीही बाजू खरी असल्याने हा वाद केवळ आकड्यांनी मिटणारा नाही. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळविणे हा त्यावरील एक उपाय मानला जातो. नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पास राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. दुसरा उपाय आहे त्या पाण्याच्या व्यवस्थापनाचा. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात १९९० नंतरच्या काळात शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या आणि मोजून पाणी घेऊन कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत ते पोहोचविले. हे उदाहरण राज्यात आदर्श मानले गेले.

दळणवळण : प्राचीन व्यापारी मार्गाचीच दिशा पुढे मुंबई–आग्रा रस्त्याने घेतली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाटातील मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. ३७ मीटर अंतरास एक मीटर चढाचा हा घाट तत्कालीन अभियांत्रिकीचा एक अवघड प्रयोग होता. हा लोहमार्ग नासिक गावापासून काही अंतराने गेल्याने नासिक रोड ही स्वतंत्र वस्ती वाढली. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू होऊन मनमाडला प्रस्थानकाचे महत्त्व आले. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्याच्या सिन्नर व इगतपुरी या तालुक्यांतून जातो. त्याचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला असून त्यात इगतपुरीजवळ सु. ८ किमी. लांबीचा बोगदा आहे.

प्रमुख नगरे : नासिक (लोकसंख्या १४,८६,०५३—२०११) हे गोदावरीच्या दोन्ही तीरांवर वसलेले जिल्ह्यातील सर्वांत मोठे शहर. गुरू सिंह राशीत असताना येथे व त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. २०१५ नंतरच्या सिंहस्थाचा काळ २०२६–२७ पासून येतो. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले, यावरून नासिककर पुराची तीव्रता जोखतात. १९६९ व २००८ चे पूर विशेष मोठे होते. नासिक रोड येथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय स्थापन झाले आणि १९२८ पासून तेथे चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. ओझर येथील विमानाचा कारखाना १९६४ चा आहे. सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे तीर्थक्षेत्राचे रूपांतर उद्योगनगरात झाले. १९८२ मध्ये महानगरपालिका होऊन सातपूर, देवळाली व नासिक रोड हे भाग शहरात आले. १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथे स्थापन झाले.

शहराची वाढ कोणत्या दिशेने झाली, हे द्वारका या चौकावरून समजते. गोदाकाठचे जुने गाव आणि नासिक रोडचे रेल्वेस्थानक यांच्या दरम्यान असलेल्या या ठिकाणी मुंबई–आग्रा महामार्गास पुण्याचा रस्ता मिळतो. एके काळी शहराबाहेरचा असलेला हा फाटा आता दाट वस्तीच्या मध्यात आला आहे. महामार्गावरील दूरची वाहतूक उड्डाणपुलावरून नेली असली, तरी खालच्या चौकात पुणे, मालेगाव, मुंबई व नासिक रोड यांकडील वाहनांची गर्दी कायम असते. घाटावरून येणाऱ्या वाटा नासिकला एकत्र येतात ही प्राचीन वस्तुस्थिती आज या चौकात दिसते.

मालेगाव (सु. ४·८ लाख) हे मोसम नदीवरील जिल्ह्यातील दुसरे मोठे शहर. १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमागाचा व्यवसाय वाढविला. पुढे त्याची जागा यंत्रमागांनी घेतली. २००१ मध्ये येथे महानगरपालिका झाली. स्वतंत्र मालेगाव जिल्ह्याची मागणी दीर्घकाळ होत आहे. येवला (सु. ५०,०००) पैठणीसाठी विख्यात असून १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे हे जन्मस्थान होय. मनमाड (सु. ८०,०००) हे लोहमार्गाचे प्रस्थानक व भारतीय अन्न महामंडळाच्या धान्यकोठारांचे ठिकाण आहे. सिन्नर (सु. ६५,०००) येथील औद्योगिक वसाहत मोठी आहे. सटाणा हे बागलाणाचे मुख्य ठिकाण असून डाळिंबाच्या बागांसाठी ते ओळखले जाते. त्र्यंबकेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे.

पेठ व सुरगाणा ही डांगातील तालुक्यांची ठिकाणे मात्र लहानच राहिली आहेत. जिल्ह्याच्या लोकसंख्येत सु. एकचतुर्थांश असलेल्या कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल इ. अनुसूचित जमातींची मुख्य वस्ती या पट्ट्यात आहे. जिल्ह्यातील बहुतांश पाऊस येथे पडतो. परंतु तीव्र उतार, मातीचा पातळ थर व पाणी न मुरू देणारा खडक यांमुळे तो चार महिन्यांत वाहून जातो आणि एप्रिल-मेमध्ये अनेक पाड्यांवर स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दरीतील झऱ्यापर्यंत उतरावे लागते. तीर्थामुळे त्र्यंबकेश्वर आणि लोहमार्गामुळे इगतपुरी, एवढे अपवाद वगळता जिल्ह्याच्या या सर्वाधिक पावसाच्या भागात नगर वाढलेले नाही. पाणी पडते तेथे साठत नाही आणि साठते तेथून ते दूरवर नेले जाते, ही या जिल्ह्याच्या भूगोलाची मुख्य विसंगती होय.